धुतलेली अंडी

दुधाचं पातेलं निम्मं घासून झालं होतं. तळाला करपलेली साय एका बाजूने सुटली होती, दुसरीकडे अजून हट्टाने चिकटून होती, आणि वहिनी तारेची घासणी घेऊन तिच्या मागे लागल्या होत्या. मध्येच त्यांचा हात थांबला. नाकपुड्या फुलल्या. घरात काहीतरी मेलं होतं.

वहिनींच्या नाकाला त्या घरात कधी सुट्टी नसे. दूध नासायच्या अर्धा दिवस आधी त्यांना कळायचं. बाहेरून आलेल्या माणसाची आधी त्या नाकापुढे हजेरी लागायची, मग त्याला पाण्याचा पेला मिळायचा. दादा, म्हणजे त्यांचे यजमान, म्हणायचे, "हिला पोलिसांत घातलं असतं तर कुत्र्यांचा खर्च वाचला असता." वहिनी ते मनावर घेत नसत. मळक्या घरात देव उभा राहत नाही, ही त्यांची साधी समजूत होती. आणि देवाने उभं राहावं म्हणून त्या दिवसभर वाकलेल्या असायच्या. धाकटे दीर त्यांना वहिनी म्हणत. त्यांचं ऐकून भाजीवाला, पोस्टमन, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, सगळेच वहिनी म्हणू लागले होते.

त्यांनी पातेलं तसंच टाकलं आणि शोध घ्यायला निघाल्या. आधी मोरी. मोरीत उकळतं पाणी ओतलं. मोरी निर्दोष होती. मग बटाट्याची टोपली उपडी केली, एकेक बटाटा दाबून पाहिला. कपाटामागे झाडू घातला, तेव्हा दादांचा हरवलेला मोजा निघाला. त्याचा वास घेऊन पाहिला, पण हा वास तो नव्हता. हा गोडसर होता, जड होता, घशात उतरून बसणारा होता. शेवटी घरात न हुंगलेली एकच गोष्ट उरली, आणि ती कुठली हे वहिनींना पहिल्यापासून माहीत होतं. फक्त तिच्याजवळ जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

ती म्हणजे भावजींचा खोका. भावजी त्याला इनक्युबेटर म्हणत. थर्माकोलचा तो पांढरा खोका कुठल्याशा हॉटेलातून आला होता आणि त्यात कधीकाळी बर्फात घातलेले मासे येत. वहिनींनी तो तीनदा धुतला तरी त्यांना त्यातून मासाच दिसायचा. भावजींनी त्यात बल्ब बसवला होता, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लावला होता, पाण्याची वाटी ठेवली होती, आणि झाकणाला भोक पाडून त्यावर काच चिकटवली होती. बल्बच्या उबेवर जाळीवर अंडी मांडलेली. झोपायच्या खोलीतल्या प्लगमधून ठिणग्या उडत आणि बाहेरच्या प्लगवर दादांचा टीव्ही होता, म्हणून हे सगळं स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारच्या स्टुलावर. बरोब्बर देवाच्या कोनाड्यासमोर. वहिनी सकाळी हात जोडून उभ्या राहिल्या की पाठीमागे तो पंखा घुरघुरायचा. देवाच्या पुढ्यात कोंबड्यांचं बाळंतपण, या विचाराने त्यांची ओळ चुकायची आणि स्तोत्र पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागायचं.

भावजी घड्याळजी. लोक वेळ फोनवर बघायला लागले आणि त्यांचं दुकान गेलं. लग्न केलेलं नव्हतं, ते थोरल्या भावाकडे राहायला आले. येताना चिमटे, भिंग आणि भयंकर बारीक कामाला सरावलेले दोन हात घेऊन आले, आणि त्या हातांना काम हवं होतं. आधी पलंगाखाली अळिंबी लावली. वहिनींनी ती बुरशी म्हणून खरवडून टाकली, आणि ती बुरशीच होती हे त्यांनी आजतागायत मागे घेतलेलं नाही. मग मेणबत्त्या झाल्या. मग हा खोका. दादांनी त्यांचं नाव उद्योगपती ठेवलं होतं. दादा पार्सलच्या गोदामात सुपरवायझर होते आणि तिथे गेटवर माणूस हवा होता. अंडी खोक्यात गेली त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "या खेपेला पिल्लं निघाली तर खोका राहील. नाही निघाली तर खोका भंगारात, आणि तू गेटवर, माझ्या हाताखाली."

हाताखाली हा शब्द भावजींना लागला होता. गेटवरचं काम म्हणजे गाडी आली की दांडा वर, गाडी गेली की दांडा खाली, आणि सुपरवायझर आले की सलाम.

वहिनींनीही त्या संध्याकाळी देवापाशी आपलं मागणं मांडलं होतं. कुणाचं वाईट करू नकोस, पण तो खोका माझ्या घरातून ने. कसा नेतोस ते तुझं तू बघ.

आता त्यांनी नाकाशी फडकं धरलं आणि खोक्याचं झाकण उचललं. वास असा अंगावर आला की त्या एक पाऊल मागे सरकल्या. जाळीवरच्या एका अंड्याला घाम फुटला होता. तपकिरी, चिकट थेंब कवचातून बाहेर येऊन जाळीवर सुकले होते. भावजी नवीन थर्मामीटर आणायला बाहेर गेले होते. त्यांची वाट बघणं वहिनींना अशक्य होतं. त्यांनी दोन चमचे घेतले, अंडं मध्ये धरलं, आणि श्वास कोंडून मोरीकडे निघाल्या.

मोरीपर्यंत त्या पोचल्याच नाहीत. फट् असा आवाज झाला.

ते गालावर उडालं, कानावर उडालं, मानेवरून आत उतरलं. ओठ मिटलेले होते, एवढीच देवाची कृपा. निम्म्या घासलेल्या पातेल्यात पडलं, घडी करून ठेवलेल्या चादरींवर पडलं. अंड्यात पिवळं असतं आणि पांढरं असतं, असं आपण समजतो. यात दोन्ही नव्हतं. हिरवट राखाडी पाणी होतं, आणि त्यात एक काळपट गाठ होती, आणि त्या गाठीला डोळा होता असं वहिनींना वाटलं. त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. एक थेंब देवाच्या कोनाड्याच्या कडेवर बसला होता आणि हळूहळू खाली ओघळत होता.

त्यांनी आधी तो पुसला. नाही, आधी तो धुतला. वहिनींच्या घरात कुठलीही खरी घाण पुसली जात नसे. मग भिंत धुतली, फरशी धुतली, चादरी भिजवल्या, आणि स्वतः न्हाणीघरात शिरल्या. साबणाची वडी निम्मी झाली तरी वास जाईना. केसांतून गेला, नखांतून गेला, पण नाकात राहिला, आणि नाक काही धुता येत नव्हतं. एकदा ओकल्या. मग तिथेच स्टुलावर बसून राहिल्या.

संध्याकाळी दादा दारातच थबकले. "काय मेलंय?"

"तुमच्या भावाचा उद्योग," वहिनी म्हणाल्या.

भावजी परत आले होते आणि खोक्याशी उकिडवे बसले होते. दादा रुमालाआडून हसले. "काय उद्योगपती, कारखान्यात स्फोट झाला म्हणे?"

"एक अंडं गेलं, दादा. सगळी नाही."

"एकाने एवढं केलं. बाकीची काय करतील? आपण बिऱ्हाड रस्त्यावर मांडायचं का?"

"उद्या सगळी तपासतो. दिव्यावर धरून."

"तपास. परवा भंगारवाल्याला बोलावून ठेवतो. आणि गेटवरचा कोट आणतो, अंगाला होतो का बघ. आधीचा माणूस तुझ्यापेक्षा जाड होता, पण तू काय, कोटात मावशील, मग वर्षभर त्यात वाढत बसशील."

आपल्याच बोलण्यावर ते जेवता जेवता हसले, आणि त्यांच्या दातांत अडकलेला घास वहिनींना दिसला. त्यांनी आपलं ताट सारलं. त्या दिवशी त्यांना सगळ्याचीच शिसारी आली होती: अंड्यांची, खोक्याची, हसणाऱ्याची, आणि हसू ऐकून मान खाली घालणाऱ्याचीही.

दुसऱ्या दिवशी भावजी न्हाणीघरात बसले, कारण घरात बिनखिडकीची जागा तेवढीच. पुठ्ठ्याच्या नळीत विजेरी बसवून त्यांनी दिवा केला होता. नळीच्या तोंडावर अंडं धरलं की आतलं दिसायचं. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं आणि हलणारी सावली. मेलेल्यात नुसता काळा गाळ. वहिनी दाराशी बादली घेऊन उभ्या होत्या. बादलीत फिनेल होतं. एक अंडं दिव्यावर जायचं, भावजी मान हलवायचे, आणि ते अंडं वहिनींच्या बादलीत यायचं. हळू ठेवायचं, फोडायचं नाही. वहिनी तोंड फिरवून बादली पुढे करायच्या.

"ऊब सांभाळणारा थर्मोस्टॅटच चुकला," भावजी म्हणाले. "माझाच दोष. घड्याळाचं असतं तर कान लावून कळलं असतं." पुढचं अंडं दिव्यावर धरत ते म्हणाले, "वहिनी, गंमत बघा. चांगली निघाली ती सगळी मळकी. हे बघा, याला तर अजून पीस चिकटलेलं. आणि पांढरीशुभ्र होती तेवढी सडली. काही कोंबड्या जरा नीटनेटक्या असतात वाटतं. त्यांचीच नेमकी बिघडली."

वहिनींनी पुढे केलेली बादली खाली ठेवली आणि त्या पिसाकडे पाहिलं.

कोंबडीवालीने अंडी दिली ती कोंबडीखालून निघाली तशी दिली होती. कुणाला विष्ठा, कुणाला भुसा, एकावर वाळलेल्या रक्ताची रेघ. भावजी बल्ब आणायला निघाले होते आणि दारातून म्हणाले होते, "वहिनी, अंडी पुसू नका हं." आणि वहिनींना तेव्हा दिराचं कौतुक वाटलं होतं. त्यांच्या घरात पुसणं म्हणजे अंगचोरपणा. पुसून घाण इकडची तिकडे होते. पुसू नका याचा अर्थ त्यांना एकच लागला: नीट धुवा. त्यांनी गार पाण्याची बादली भरली, सोडा घातला, डोळे अर्धे मिटून काथ्याने एकेक अंडं चोळून काढलं, चाळणीवर निथळत ठेवलं. शेवटची सात राहिली ती नळाचं पाणी गेलं म्हणून. भावजी आले तेव्हा, "तुमचे हात तेलकट आहेत, मीच मांडते," म्हणून त्यांनीच सगळी जाळीवर मांडली होती. पीस चिकटलेलं ते अंडं त्यांना चांगलं आठवत होतं. त्याला त्यांनी कडेला, बोटाच्या टोकाने सरकवलं होतं.

"किती राहिली?" त्यांनी विचारलं.

"सात."

त्या बादली गल्लीच्या टोकाला रिकामी करून आल्या.

संध्याकाळी देवापुढे उभ्या राहिल्या तेव्हा स्तोत्र सरळ म्हणून झालं, एकही ओळ चुकली नाही, आणि त्यामुळेच त्यांना जास्त अवघडल्यासारखं झालं. मागितलं ते मिळत होतं. उद्या खोका जाणार होता. भावजी थर्मोस्टॅटवर खापर फोडून बसले होते, दादांना कारण नकोच होतं, आणि पिसाचं अंडं काही बोलणार नव्हतं. कुणाला कधी कळलं नसतं. कसा नेतोस ते तुझं तू बघ, असं त्याच म्हणाल्या होत्या. पण त्याने तो माझ्या हाताने न्यावा आणि दुसऱ्याच्या नावावर न्यावा, असं मी म्हटलं नव्हतं, असं त्या देवाला सांगू लागल्या, आणि सांगता सांगता त्यांना स्वतःचाच वास यायला लागला. तोच, गोडसर, घशात बसणारा. त्या पुन्हा न्हाणीघरात जाऊन हात धुऊन आल्या. उपयोग झाला नाही.

भंगारवाला सकाळीच आला. दादांनी त्याला थेट स्वयंपाकघरात आणलं. येतानाच गेटवरचा खाकी कोट त्यांच्या हातावर होता. तो त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला.

भंगारवाल्याने खोका वाजवून पाहिला. "थर्माकोलला कोण विचारतंय. पंखा घेतो, वायर घेतो. बाकी फुकट उचलतो, तेही वास आहे म्हणून नको म्हणत होतो."

"उचल," दादा म्हणाले.

"दादा, आत सात अंडी जिवंत आहेत," भावजी म्हणाले. वायर सोडवायला घेतलेला चिमटा त्यांच्या हातात होता, पण हात हलत नव्हता. "त्यांचं होऊ दे. मग मी स्वतः सुटं करून देतो."

"एवढ्यातली सात. सात अंड्यांचा काय कारखाना चालवणार? चल, काढ तो बल्ब."

"खोक्यात खोट नाही," वहिनी म्हणाल्या.

तिघांनीही त्यांच्याकडे पाहिलं. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि सडक्या भाजीकडे बघावं तसं भंगारवाल्याच्या पायांकडे बघत होत्या. चपला बाहेर काढलेल्या नव्हत्या.

"ती अंडी मी धुतली होती," त्या म्हणाल्या. "सात सोडून सगळी. सोड्याने."

भावजींनी चिमटा खाली ठेवला. "वहिनी, मी सांगितलं होतं ना, पुसू नका म्हणून?"

"पुसली नाहीतच मी. धुतली."

आधी भंगारवाला हसला. मग त्याने दादांचं तोंड पाहिलं आणि पंखा न्याहाळायला लागला.

"धुतली म्हणून सडली?" दादा म्हणाले. "धुऊन कुठली वस्तू सडते?"

"अंडं सडतं," भावजी म्हणाले. "त्याच्या अंगावर जन्मतःच एक पातळ पांघरूण असतं, दादा. ते आहे तोवर वरची घाण वर राहते. धुतलं की ते जातं, आणि गार पाण्याबरोबर घाण कवचाच्या भोकांतून आत. आणि मग वर माझी ऊब." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. उलट घड्याळ उघडून दोष सापडावा तसा तो हलका झाला होता.

"शी," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे घाण असलेली बरी म्हणायची."

"बाहेरून, हो."

"हे सरळ बोलायचं होतं. पुसू नका काय? धुऊ नका म्हणायचं."

"अंडी कुणी धुतं असं मला वाटलंच नाही, वहिनी."

दादा बायकोकडे वळले. "हे तू आधी का नाही बोललीस?"

"मला तरी कुठे माहीत होतं? काल दिव्यावर धरली तेव्हा कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं, बोलले नाही. आणि तुम्ही मला उगाच दयाळू समजू नका. मला तो खोका आजही नको आहे. त्याचा वास नको, त्याची घुरघुर नको, देवासमोर ते बाळंतपण नको. पण माझं खरकटं मी भावजींच्या ताटात टाकणार नाही. तो कोट काढा खुर्चीवरून. त्याला बिडीचा वास आहे."

भंगारवाल्यादेखत बायको असं बोलल्यावर दादांना दोनच रस्ते होते, ओरडणं किंवा हसणं. त्यांनी नाक खाजवलं. "ठीक आहे," ते म्हणाले. "सात तर सात. निघाली तर आणखी एक खेप. पण त्या खेपेची अंडी तू आणायचीस. मळकी, जशी असतील तशी. आणि हात लावायचा नाही. चालेल?"

वहिनींच्या अंगावर काटा आला. "चालेल," त्या म्हणाल्या.

भंगारवाल्याने रिकाम्या हाताने जाताना विचारलं, "वहिनी, जुनी पातेली वगैरे काही?"

पुढचे दिवस वाईट गेले. वहिनींनी खोक्यावर कापड टाकलं, ते भावजींनी काढलं, कारण हवा अडते. स्तोत्राची ओळ पुन्हा चुकायला लागली. मग एका दुपारी खोक्यातून टोकरल्यासारखा आवाज आला आणि भावजी जेवण टाकून तिथे जाऊन बसले. एका अंड्याला चीर गेली होती. पिल्लाला मदत करायची नसते, ते आपलं आपणच बाहेर आलं पाहिजे. म्हणून त्यांनी स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. आयुष्यभर चिमट्याने असलंच बारीक काम केलेल्या माणसाला ते जड जात होतं.

चित्रातलं पिल्लू म्हणजे पिवळा कापूस. वहिनींनी काचेतून पाहिलं ते तसलं नव्हतं. मोरीच्या जाळीत अडकलेल्या केसांच्या गुंत्यासारखं ते ओलं होतं, मान टाकलेलं, कातडीतून जांभळं दिसणारं, बुडाशी रक्ताचा धागा ओढत चाललेलं. ते दुसऱ्या अंड्यावर चढलं आणि त्याच्यावरच घाण केली. "अगं बाई," म्हणत वहिनी मागे सरल्या. संध्याकाळपर्यंत आणखी चार निघाली. एक कवचातच गेलं. पिसाचं अंडं सगळ्यात शेवटी, आणि त्यातलं पिल्लू सगळ्यात कुरूप.

"पाच आणि एक, सहा," भावजी म्हणाले. "सातातली सहा, वहिनी." त्यांनी हात मांड्यांखालून काढले. ते बधिर झाले होते, बोटं उघडत नव्हती.

दादांनी घरी आल्यावर काचेला डोळा लावला. बराच वेळ काढला. "वास तोच आहे," एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी खाकी कोट ते गोदामात परत घेऊन गेले आणि गेटची जागा दुसऱ्या कुणाला तरी लागली.

वहिनींना पिल्लांचा लळा लागला नाही. ती वाळली, पिवळी झाली, तरी त्यांना आधीचं रूप आठवायचं. पिल्लं ठेवलेल्या पेटीतला कागद त्या दोन बोटांत धरून बदलायच्या आणि कोपरापर्यंत हात धुवायच्या. मात्र खोका रिकामा झाला त्या दिवशी भावजींनी जाळी घासायला घेतली, तर त्यांच्या हातातून ओढून घेतली. "तुम्ही नुसतं पुसाल," म्हणाल्या.

जाळी उन्हात ठेवून त्यांनी टोपलीत भुसा पसरला, वर जुनं फडकं घातलं, दुसरं फडकं नाकासाठी कमरेला खोचलं. भावजी पिल्लांना दाणे भरत होते.

"वहिनी, मळकी असली तरी..."

"पुन्हा सांगाल तर टोपली तुमच्या डोक्यावर देईन."

त्यांनी देवाला हात जोडले, काही मागितलं नाही, आणि कोंबडीवालीकडे अंडी आणायला निघाल्या.